‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ : एका म्हणीविरुद्ध

काही म्हणी अशा असतात की त्या उच्चारल्या की विचार करण्याची जबाबदारी संपते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही त्यांपैकी एक. उपवर मुलीपासून तिकिटाच्या आशेवरच्या पुढाऱ्यापर्यंत कोणाच्याही स्वप्नाला ती चिकटवता येते, आणि एरवी त्यात थट्टेपलीकडे काही नसतेही. पण एका माणसापुढे ही म्हण उच्चारणे आम्हांला क्रौर्य वाटते. दारू सोडून ज्याला वीस, चाळीस किंवा सत्तर दिवस झाले आहेत आणि आज पहाटे जो स्वप्नात प्याला, तो हा माणूस.

ज्यांना हे स्वप्न पडते त्यांना त्याचे वर्णन नको आहे. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. त्यात भव्य असे काही नसते. लग्नाचा मांडव असतो, किंवा जुन्या कचेरीची गच्ची, किंवा गावाकडची पडवी. कोणीतरी हातात पेला देते. तो रिकामा होतो, आणि पिऊन झाल्यावर आठवते की आपण सोडली होती. कधी पिणे दिसतच नाही. हातात रिकामी क्वार्टर असते आणि ती आपणच संपवली एवढे माहीत असते. चव असते, घशातली जळजळ असते, पण झिंग बहुधा नसते. तिच्या जागी असते भीती : आता घरी काय सांगायचे? त्या भीतीनेच जाग येते. जाग आल्यावर माणूस तळहात तोंडासमोर धरून स्वतःचा श्वास हुंगतो. उशीखाली, कपाटामागे, जिथे जिथे पूर्वी बाटली लपवली जाई तिथे जाऊन पाहतो. पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास, आपण काल रात्री प्यालो की नाही हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. आयुष्यातली पंधरा-वीस वर्षे ज्याला सकाळी उठल्यावर आदल्या रात्रीचे आठवत नसे, त्याच्यापाशी साक्षीला उभी करावी अशी स्मृती तरी कुठे उरलेली असते? हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अर्ध्या तासाचे वजन कळेल.

आमचा वाद या अर्ध्या तासासाठी आहे. हे लिहिणाऱ्या ‘आम्ही’मध्ये दारू सोडलेला माणूस आहे आणि कधी थेंबही न घेतलेला माणूसही आहे; कोण कोणता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होते. ते सर्वनाम इथे आम्हांला सोयीचे आहे.

निमित्त एका कथेचे घडले. आमच्या परिचयातल्या एका तरुण लेखकाने अशाच एका पहाटेवर कथा लिहिली. दारू सोडलेला शिक्षक, सेहेचाळिसावा दिवस, स्वप्न, जाग, आणि दूधवाला येईपर्यंतचा वेळ. एवढीच कथा. ती त्याने एका नियतकालिकाकडे पाठवली. संपादकांनी ती साभार परत केली, हा त्यांचा अधिकार. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार सोबतच्या अभिप्रायाविषयी आहे. त्याचा आशय असा होता की ‘आणि तो जागा झाला’ ही क्लृप्ती आता जुनी झाली आहे, आणि नायकाच्या मनात दारूची सुप्त इच्छा कशी टिकून आहे हे लेखकाने अधिक धीटपणे दाखवायला हवे होते. स्वप्न दाखवून लेखकाने सत्याला हात घातला, पण जाग आणून तो कचरला. म्हणजे काय, तर स्वप्नातला माणूस खरा आणि सेहेचाळीस दिवस पाळणारा माणूस ढोंगी. अभिप्राय लिहिणारे गृहस्थ (किंवा बाई, सही वाचता आली नाही) साहित्याचे जाणकार असावेत. त्यांनी जे लिहिले ते आपल्या वर्गांतून शिकवलेलेच आहे. म्हणून हा प्रश्न एका परत आलेल्या कथेचा राहत नाही.

या माणसाला दोषी ठरवायला आपल्या संस्कृतीत एक न्यायाधीश नाही, पुरते खंडपीठ बसलेले आहे. म्हणीचा निकाल सर्वांत सोपा : स्वप्नात दारू दिसली, तर मनात दारू आहे. तिच्या शेजारी दुसरी समजूत बसलेली असते, पहाटेचे स्वप्न खरे होते ही. दुपारच्या डुलकीतले स्वप्न कोणी मनावर घेत नाही; पहाटेचे मात्र भविष्य म्हणून वाचले जाते. आपल्या या माणसाला नेमकी पहाटेच जाग येते, हा योगायोग नाही. त्याचे कारण पुढे सांगू. तूर्त एवढेच की म्हण त्याला इच्छेचा गुन्हेगार ठरवते आणि समजूत त्याला येऊ घातलेल्या गुन्ह्याची तारीख देते.

तिसरा न्यायाधीश फार मोठा आहे, म्हणून त्याच्याविषयी जपून बोलले पाहिजे. लोकपरंपरेत सांगितल्या जाणाऱ्या कथेत हरिश्चंद्राने विश्वामित्राला राज्य दिले ते स्वप्नात. सकाळी ऋषी दारात उभा राहिला आणि राजाने स्वप्नातला शब्द जागेपणी पाळला. लहानपणी ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलाच्या मनावर काय ठसते? की थोर माणूस स्वप्नातल्या कृत्याचीही जबाबदारी घेतो. आपल्या संतपरंपरेतही स्वप्न ही घडलेली घटना आहे. तुकारामांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात. नामदेवांनी विठ्ठलासह येऊन कवित्वाचे काम सोपवले तेही स्वप्नात. बहिणाबाईंवर तुकारामांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. या घटनांचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या भाषेत स्वप्नातले दान दान ठरते आणि स्वप्नातली दीक्षा दीक्षा ठरते, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला स्वप्नातला पेला हा पेला नव्हे असे कोणी आणि कोणत्या आधारावर सांगायचे? तो मनाशी दिवस पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. आणि शून्यावर आलोच आहोत तर आता एक घ्यायला काय हरकत आहे, हा त्यापुढचा विचार यायला फार वेळ लागत नाही. धोका आहे तो इथे. स्वप्नाने माणूस प्यायला लावला असे सहसा होत नाही. स्वप्नावर दिलेला निकाल त्याला प्यायला लावू शकतो.

चौथा न्यायाधीश व्हिएन्नाचा, आणि आमच्या विभागांतून त्याचीच चलती आहे. फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात बाहेर पडला, मुखपृष्ठावर साल छापले १९००. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, बहुधा वेषांतर केलेली, हे त्याचे सूत्र आपण सव्वाशे वर्षे घोकतो आहोत. मौज अशी की त्या ग्रंथात फ्रॉइडने पिण्याचेच एक स्वप्न सांगितले आहे, स्वतःचे. संध्याकाळी खारवलेले मासे, ऑलिव्ह असे काही खाल्ले की रात्री तहान लागते, आणि मग स्वप्नात तो घटाघट पाणी पितो. स्वप्नातल्या पाण्याने तहान भागवून झोप पुढे चालू ठेवण्याची ही शरीराची सोय आहे, असे त्याचे म्हणणे. हे स्वप्न आपल्या माणसाच्या स्वप्नाशेजारी ठेवून पाहावे. फ्रॉइडच्या स्वप्नात पिणारा सुखावतो. आपला माणूस पिऊन घाबरतो. एकाचे स्वप्न झोप राखते, दुसऱ्याचे मोडते. इच्छापूर्ती असती तर ती निदान स्वप्नापुरती तरी गोड लागली असती. यावर कोणी म्हणेल की भीती हाच इच्छेचा मुखवटा. असा युक्तिवाद केला की मग काहीही सिद्ध करता येते आणि काहीही खोटे पाडता येत नाही. स्वतः फ्रॉइड त्याहून प्रामाणिक होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तोच स्फोट, तोच अपघात स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसे. ही स्वप्ने इच्छापूर्तीच्या सूत्रात बसत नाहीत, हे त्याने १९२०च्या ‘सुखतत्त्वाच्या पलीकडे’ या निबंधात मान्य केले. आमचे समीक्षक १९००च्या पुढे आले नाहीत, याला काय करावे?

आता पहाटेचे कारण. डोळ्यांच्या जलद हालचालींची जी झोप असते, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ म्हणतात, तिचा शोध शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली जाहीर केला. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतांशी या झोपेत पडतात. प्रौढ माणसाच्या रात्रीच्या झोपेत तिचा वाटा साधारण पाव, आणि तिचे लांबलचक तुकडे येतात ते रात्रीच्या अखेरीस. म्हणून पहाटेचे स्वप्न आठवते. ते खरे होते म्हणून नव्हे. दारू या झोपेला दाबून ठेवते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची ही झोप वर्षानुवर्षे दबलेली असते. दारू थांबली की ती उसळी मारून येते, नेहमीपेक्षा अधिक आणि अधिक तीव्र. झोपेची घडी नीट बसायला काही वेळा महिने लागतात. या काळात स्वप्ने गडद, सलग आणि छळणारी असतात. त्यांचा कच्चा माल आठवणींचा, आणि या माणसाच्या आठवणींचा मोठा भाग कुठे खर्ची पडला आहे हे सांगायला नको.

म्हणीला खोटे पाडणारा पुरावा मात्र दारूवाल्यांकडून नव्हे, सिगारेटवाल्यांकडून आला. हायेक आणि बेल्चर या दोन संशोधकांनी १९९१ साली धूम्रपान सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३३ टक्के लोकांना सिगारेट ओढल्याचे स्वप्न पडले होते; बहुतेकांना स्वप्नातच आपण ओढतो आहोत हे ध्यानात आले आणि घबराट व अपराधीपणा वाटला. संशोधकांनी या स्वप्नांना अनवधानाने घडलेल्या आगळिकीची स्वप्ने असे नाव दिले. आपल्या कोणत्याही समीक्षकाने दिले असते त्यापेक्षा हे नाव चांगले आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. या लोकांपैकी ९७ टक्क्यांना सिगारेट ओढत होते त्या काळात असे स्वप्न पडत नव्हते. म्हणजे जेव्हा मनात सिगारेटखेरीज काही वसत नव्हते तेव्हा ती स्वप्नात दिसत नव्हती, आणि ती हातातून गेल्यावर दिसू लागली. म्हणीने याचे उत्तर द्यावे. शिवाय ज्यांना अशी स्वप्ने पडली त्यांचा निग्रह कमी नव्हे, अधिक टिकल्याचे त्यांना आढळले. दारू आणि इतर नशांबाबत केली आणि ग्रीन यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या देशव्यापी नमुन्यावरून जे मांडले तेही याला धरून आहे : व्यसनातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ही स्वप्ने पडलेली असतात, ज्यांचा आजार अधिक गंभीर होता त्यांना ती अधिक पडतात, आणि जसजसा काळ लोटतो तसतशी ती विरळ होतात. जखमेवर खपली धरताना खाज सुटते. त्या खाजेला कोणी जखमेची इच्छा म्हणत नाही.

विज्ञानाची साक्ष काढल्याबद्दल साहित्याचे विद्यार्थी आमच्यावर रुसतील, म्हणून त्यांच्याच क्षेत्रात येतो. म्हणीला उत्तर द्यायला मराठीचे व्याकरण पुरेसे आहे. मराठीत स्वप्न आपण ‘करत’ नाही, ते पडते. मला स्वप्न पडले. जसा पाऊस पडतो, प्रश्न पडतो, भूल पडते. ज्याला ते पडते तो चतुर्थीत बाजूला उभा असतो, जसा ‘मला ताप आला’ मध्ये तापाचा धनी उभा असतो. ‘मी स्वप्न पाहिले’ हे आपण म्हणतो ते बहुधा बंगल्याविषयी किंवा मुलाच्या परदेशी शिक्षणाविषयी. आता पिण्याचे क्रियापद पाहा. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्यामागे जाते. ‘आम्ही भाकरी खाल्ली’ मध्ये भाकरीमागे. पण ‘मी दारू प्यालो’, ‘ती दारू प्याली’ : इथे भूतकाळातही क्रियापद पिणाऱ्याला सोडत नाही. खाण्यात पदार्थ पुढे येतो, पिण्यात माणूस अडकतो. व्याकरणकार याला कर्तरी प्रयोग म्हणून मोकळे होतात. (या क्रियापदाला हा प्रयोग का, याचे ऐतिहासिक उत्तर निराळे असेल, आम्ही इथे व्युत्पत्ती सांगत नाही.) आमच्या माणसाच्या सकाळी ही दोन वाक्ये एकमेकांसमोर उभी असतात, ‘मी प्यालो’ आणि ‘मला पडले’. एकात तो कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. त्याला त्या अर्ध्या तासात करायचे असते ते पहिल्या वाक्यातून दुसऱ्या वाक्यात येणे. म्हण त्याला परत पहिल्यात ढकलते.

काव्यशास्त्रातही या अनुभवाची सामग्री दोन हजार वर्षे तयार पडून आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भाव आहेत. त्या यादीत मद आहे, आणि त्याच्या पायऱ्याही आहेत : तरुण, मध्य, अवकृष्ट. त्याच यादीत सुप्त आहे, विबोध आहे, शंका, व्रीडा, स्मृती, त्रास आणि वितर्क आहेत. विबोधाच्या कारणांत स्वप्नाचा शेत होणे हेही एक कारण भरताने दिले आहे. दारू सोडलेल्या माणसाची पहाट म्हणजे हे सगळे भाव एकापाठोपाठ एक : सुप्तात मद, मग त्रास, मग विबोध, मग शंका, वितर्क, आणि शेवटी व्रीडा. जांभई देणे, डोळे चोळणे या विबोधाच्या अनुभावांत आम्ही एकाची भर घालू, तळहातावर श्वास सोडून हुंगणे. एम.ए.च्या परीक्षेसाठी ही यादी पाठ करणाऱ्या किती जणांना तिच्यातून असा एक जिवंत माणूस उभा करून दाखवला जातो? भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’त उदयनाला अर्धवट झोपेत वासवदत्ता दिसते आणि विदूषक ते स्वप्न होते असे त्याला पटवू पाहतो. उदयनाला ते स्वप्न होते हे ऐकवत नाही. आपल्या माणसाला ते स्वप्नच होते हे कोणीतरी येऊन सांगावे एवढीच आस असते. दोघांच्याही हाती प्रश्न एकच आहे. एकाच्या प्रश्नावर आपण व्याख्याने देतो. दुसऱ्याच्या प्रश्नाला क्लृप्ती म्हणून साभार परत करतो.

मराठी साहित्यात दारू कमी नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांच्या आठवणींवर दोन पिढ्या जगल्या. त्या नाटकात तळीराम आहे, आर्य मदिरा मंडळ आहे, दारू सोडण्याचा निश्चय करणारा सुधाकर आहे आणि निश्चय मोडणारा सुधाकरही आहे. निश्चय आणि भंग यांच्या मधल्या रात्री मात्र रंगमंचावर येत नाहीत. गडकऱ्यांना आम्ही दोष देत नाही; त्यांना शोकांतिका हवी होती आणि शोकांतिकेला उतार लागतो, पायऱ्या नव्हेत. दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा. शंभर वर्षे आम्ही सुधाकराच्या अधःपाताची कारणे विचारत आलो. तो सोडून असताना कसा झोपत असेल, हे विचारावे असे कोणाला वाटले नाही.

त्यानंतर दारू मराठीत दोन वेषांत वावरली. एक प्रबोधनाचा वेष : उपडी बाटली, रडणारी बायको, शेवटी व्याख्यान. दुसरा बंडखोरीचा. ‘बसणे’ या गरीब क्रियापदाला मराठीत जो अर्थ चिकटला आहे तो साहित्यिक वर्तुळात जाणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. चर्चासत्र संपले की ‘बसू या का?’ आणि जो बसत नाही त्याच्याकडे, तो आजारी तरी असावा किंवा त्याची प्रतिभा तरी आटली असावी, अशा नजरेने पाहणे. प्रतिभा आणि पेला यांचे हे लग्न कोणी लावले हे आम्हांला ठाऊक नाही, पण त्याच्या अक्षता आपण सगळ्यांनी टाकल्या आहेत. या वर्तुळात ‘सोडली’ असे सांगणारा माणूस कथेतून बाहेर गेलेला असतो. त्याच्याविषयी यापुढे लिहिण्यासारखे काही उरले नाही, असे गृहीत धरले जाते. त्याच्या पहाटे मग आरोग्यविषयक पुस्तकांच्या फळीवर जातात.

परदेशातही फार वेगळे नव्हते, पण तिथे निदान काहींनी या फळीवरून ते पुस्तक उचलून साहित्याच्या फळीवर ठेवले. रेमंड कार्व्हरने २ जून १९७७ रोजी दारू सोडली आणि १९८८त मरेपर्यंत तो प्याला नाही. व्यसनमुक्तीच्या घरात व्हरांड्यात बसून बोलणाऱ्या दोन माणसांवरची त्याची कथा याच काळातली आहे. जॉन बेरीमनने मुक्तीच्या प्रयत्नावर कादंबरी लिहायला घेतली, ती पुरी होण्याआधी १९७२त त्याने जीव दिला. अपुरी कादंबरी पुढच्या वर्षी छापली गेली. लेस्ली जेमिसनने २०१८ साली ‘द रिकव्हरिंग’ या जाडजूड पुस्तकात सरळच विचारले की पिण्याच्या गोष्टी रंगतात तशा न पिण्याच्या का रंगू नयेत. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते, आणि अवचटांनी त्यावर लिहिलेही. म्हणजे मराठी लेखकांनी या कामाला पैसा दिला, वेळ दिला, चांगले गद्य दिले. ललित वाङ्मयाने आणि समीक्षेने काय दिले, याचा हिशेब आमच्या वाचनापुरता तरी फार तोकडा भरतो.

आक्षेप येईल : मग तुम्ही म्हणता काय, या स्वप्नाला अर्थच नाही? असे आम्ही म्हणत नाही. अर्थ असणे आणि निकाल असणे या दोन गोष्टी आहेत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको. पात्राच्या तोंडचे वाक्य लेखकाच्या गळ्यात बांधू नये, हे आपण पहिल्या वर्षीच शिकवतो. स्वप्नातला पिणारा हेही एक पात्र आहे. ते पात्र काही सांगते, आणि ते ऐकावे. काल रात्री जेवण झाले होते का? भांडण झाले होते का? जुन्या मित्राचा ‘बसायचा’ फोन आला होता का? उद्या कोणाच्या लग्नाला जायचे आहे? बऱ्याचदा उत्तर इतके साधे निघते की फ्रॉइडही लाजला असता. आणि काही वेळा स्वप्न सरते पण तलफ सरत नाही, दिवसभर जिभेवर बसून राहते; अशा वेळी ते एकट्याने उलगडत बसण्याचे काम नव्हे. समुपदेशकाला, स्पॉन्सरला किंवा मीटिंगमध्ये ते त्याच दिवशी सांगावे. दारू बंद केल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत हात थरथरणे, जागेपणी नसलेली माणसे दिसणे, आवाज ऐकू येणे, आकडी येणे हा प्रकार याहून अगदी निराळा आहे. त्याला स्वप्न समजून घरी बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. त्यात माणूस दगावू शकतो.

एरवीच्या पहाटेला उपाय साधे आहेत. दिवा लावावा. चूळ भरावी, म्हणजे तोंडातली ती चव खोटी होती हे जिभेला कळते. तारीख बघावी. स्वप्नामुळे दिवसांची मोजणी बदलत नाही. सेहेचाळिसावा दिवस सत्तेचाळिसावाच होतो. आणि सांगावे, शक्य तर चहाच्या आधी. ‘रात्री पिण्याचं स्वप्न पडलं मला’ एवढे वाक्य पुरते, त्यातले ‘पडलं’ न गाळता. ऐकणाऱ्याचे काम त्याहून अवघड आहे. ज्या बाईने पंधरा वर्षे त्याचा श्वास हुंगला आहे तिच्या मनात प्रथम काय येईल हे तिला शिकवण्याचा अधिकार आम्हांला नाही. तिची भीती खरी आहे आणि तिला तिच्या पहाटे असतात. त्यांवरही कथा लिहिलेली आम्ही वाचली नाही. पण ‘मनी वसे’ हे शब्द ओठांवर येतील तेव्हा तिने ते गिळले आणि ‘बरं झालं सांगितलंत. बसा, चहा ठेवते’ एवढे म्हटले, तर त्या घरात त्या दिवशी काहीतरी टळते. ‘बसा’ या शब्दालाही त्यामुळे थोडी अब्रू परत मिळते.

राहता राहिले आमच्या व्यवसायबंधूंचे काम. येत्या सत्रात ‘एकच प्याला’ शिकवताना अधःपाताच्या कारणांचा प्रश्न एकदा बाजूला ठेवावा आणि विद्यार्थ्यांना दोन पाने लिहायला सांगावीत : सुधाकराने दारू सोडली आहे, सहावी रात्र आहे, पहाटे साडेचारला त्याला जाग येते, शेजारी सिंधू झोपली आहे किंवा झोपल्याचे सोंग करते आहे. गुण किती ठेवायचे ते ज्याने त्याने ठरवावे. ‘आणि तो जागा झाला’ हे वाक्य मात्र कोणाचे कापू नये. पहिल्या ओळीत आले तरी.